दुखण्याच्या गोळ्या कमी करताय? या चुका टाळा

कमरेची शस्त्रक्रिया झाली, 'महिनाभर घ्या' म्हणून ट्रामाडॉल हे मॉर्फिनच्या कुळातलं दुखण्याचं औषध सुरू झालं आणि तो महिना सात वर्षं लांबला. दिवसाला ३०० मि.ग्रॅ.वरून शून्यावर यायला मला चौदा महिने लागले. हा आकडा ऐकला की समोरच्या नवख्या माणसाचा चेहरा पडतो. त्याला 'दोन आठवडे' ऐकायचं असतं. गेली काही वर्षं मी अशा बऱ्याच जणांशी बोलतोय, आणि त्याच त्याच चुका ऐकून आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण त्यांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर लोक काय उद्योग करतात, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते सगळे मी स्वतः केलेत.

एका झटक्यात बंद

ही सगळ्या चुकांची आई. एका शुक्रवारी रात्री मला स्वतःचाच संताप आला. पुढे दोन दिवस सुट्टी होती. म्हटलं, बास, आजपासून एकही गोळी नाही. मर्दासारखं सोसू.

शनिवारी दुपारी जांभया सुरू झाल्या. झोप नाही, पण जांभयांवर जांभया. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं सर्दी झाली. रात्री पाय एका जागी ठेवता येईनात. उठायचं, चालायचं, पडायचं, परत उठायचं. रविवारी जुलाब, घाम, अंगावर सारखा काटा. दुखणं तर कमरेपुरतं राहिलंच नव्हतं. गुडघे, खांदे, जबडा, सगळं ठणकत होतं. सोमवारी पहाटे कशाची ते न कळणारी भीती दाटून आली आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं.

हे शेवटचं प्रकरण काय होतं, ते मला फार नंतर कळलं. ट्रामाडॉल दोन तोंडांनी काम करतं. एक तोंड मॉर्फिनच्या कुळातलं. दुसरं मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालतं, नैराश्याच्या काही औषधांसारखं. अचानक थांबवलं की दोन्हीकडचा हिसका एकदम बसू शकतो.

सकाळी नऊला मी दोन कॅप्सूल घेतल्या. तासाभरात सगळं शांत. आणि मी निष्कर्ष काय काढला? 'बघा, माझं दुखणंच इतकं भयंकर आहे, गोळीशिवाय माझं चालणारच नाही.' या एका निष्कर्षापायी माझी पुढची अडीच वर्षं गेली.

त्या तीन दिवसांतलं बरंचसं दुखणं गोळी अचानक तोडल्याचं होतं. कमी वेळ टिकणारं औषध थांबवलं की त्रास साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि शरीराचा भाग बहुतेक वेळा ७ ते १० दिवसांत ओसरतो. झोप आणि मन ताळ्यावर यायला जास्त वेळ लागतो. मी ओळख अशी ठेवली: जांभया, गळकं नाक, काटा यांच्या सोबतीने अंगभर आलेलं दुखणं हे गोळीचं. त्याच जुन्या जागी, त्याच जुन्या तऱ्हेने आलेलं, ते माझं. वहीत दोन रकाने आखा आणि लिहा. मोबाइलमधली ॲप्स मी वापरून पाहिली, चार दिवसांत सोडली.

ही चूक फक्त रुग्णच करतात असंही नाही. डॉक्टरांनी अचानक गोळी बंद केल्यामुळे लोकांचे हाल झाले, काहींनी जिवाचं बरंवाईट केलं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाला एप्रिल २०१९ मध्ये तसा इशारा द्यावा लागला. तेव्हा 'उद्यापासून बंद' असं कोणी सांगितलं, तर तिथेच बसून उतरणीचं वेळापत्रक मागा. आणि मन फार काळवंडलं, जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या मदतीला गाठा आणि घरात कोणाला तरी सांगा.

तेवढीच पायरी, पण तेवढीच नाही

'दर महिन्याला एक ५०ची कॅप्सूल कमी करतो, सहा महिन्यांत मोकळा.' कागदावर छान दिसतं. आता हिशोब करा. ३००वरून २५० म्हणजे सहावा हिस्सा गेला. १००वरून ५० म्हणजे निम्मा. ५०वरून शून्य म्हणजे सगळाच. शरीराला मिलिग्रॅम मोजता येत नाहीत, त्याला हिस्सा कळतो. म्हणून लोक पहिले चार महिने फुशारकी मारतात आणि पाचव्यात आपटतात. वर्षाहून जास्त काळ या कुळातली औषधं घेणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश असा वेग सुचवलाय. माझ्या चौदापैकी पाच महिने शेवटच्या ५० मि.ग्रॅ.तच गेले. कॅप्सूलने एवढ्या बारीक पायऱ्या जमत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी मला त्याच औषधाच्या थेंबांवर आणलं. ते सगळीकडे मिळत नाहीत, पण विचारायला काय जातं?

पायरी जड गेली तर तिथेच थांबा, महिनाभर थांबा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. मागे-पुढे, मागे-पुढे असा खेळ मात्र करू नका.

चांगला दिवस आला की सगळी कामं

वाईट दिवसांत कोणी फार चुका करत नाही, पडून राहतो. खरी माती चांगल्या दिवशी खातात. डोस निम्म्यावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी उठलो तर कंबर अगदी गप्प. मग काय, पुस्तकांची दोन कपाटं रिकामी केली, पुसली, परत लावली, आणि उरलेल्या जोमात पलंग हलवला. पुढचे पाच दिवस मी त्याच पलंगावर होतो. सहाव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला: 'डोस वाढवा, हे जमत नाही.' त्यांनी एवढंच विचारलं, 'आदल्या शनिवारी काय केलंत?'

डोस जागच्या जागीच राहिला. माझ्या फिजिओथेरपिस्टने दिलेला उपाय इतका साधा होता की मला अपमान वाटला. साधारण दिवशी किती मिनिटं बिनत्रासाची चालता? मी म्हटलं, पंधरा. मग रोज बारा चाला. चांगल्या दिवशी बारा, वाईट दिवशीही जमेल तितकं बाराच. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवायची. मी अजूनही गजर लावतो. घरचे हसतात.

लोक विचारतात, गोळी गेल्यावर दुखणं दुप्पट होईल का? काहींना उतरताना त्रास होतो, ते खोटं नाही. पण २०१८ साली अमेरिकेत पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या सांधेदुखीच्या २४० रुग्णांवरची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात या कुळातल्या औषधांनी साध्या वेदनाशामकांपेक्षा हिंडणं-फिरणं काही जास्त सुधारलं नाही, आणि दुष्परिणाम जास्त झाले. शिवाय काहींच्या नसा या गोळ्यांनीच हळव्या होतात. डोस वाढवावा तसं दुखणं वाढत जातं.

बाकीच्या, पटापट

मधे बरेच दिवस डोस कमी राहिला आणि मग एका वाईट रात्री जुना पूर्ण डोस घेतला: यात श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. शरीराची सवय पटकन मोडते. डॉक्टरांकडे नॅलोक्सोनची, म्हणजे अशा वेळी या गोळ्यांचा असर उलटवणाऱ्या औषधाची, चौकशी करा आणि ते कसं द्यायचं ते घरच्यांना शिकवा.

झोप येत नाही म्हणून शेजाऱ्याची झोपेची गोळी, किंवा दारू. नको. तोच श्वासाचा धोका. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

ट्रामाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल मिसळलेलं असू शकतं. वर ताप-सर्दीची गोळी, वर साधं पॅरासिटामॉल. धडधाकट माणसालाही दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी. वेष्टन वाचा हो.

शरीरात औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची, चावायची, कुटायची नाही. सगळं औषध एकदम सुटतं. 'तुकडा करून कमी करतो' म्हणणारे हुशार इथेच फसतात.

फेन्टानिल हे याच कुळातलं औषध; त्याच्या कातडीवर चिकटवायच्या पट्टीवर गरम पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त शिरतं.

जुलाब थांबवायला लोपेरामाइड मुठीने खाणारा एक जण मला भेटला होता. जास्त मात्रेत ते हृदयाचे ठोके बिघडवतं.

गरोदरपणात स्वतःच्या मनाने काहीही कमी करू नका.

आणि घरात 'असू दे अडीनडीला' म्हणून गोळ्यांचं पाकीट ठेवू नका. शून्यावर आल्यावरही मी दहा कॅप्सूल खणात ठेवल्या होत्या. तीन महिन्यांनी बायकोने त्या परस्पर औषधाच्या दुकानात परत करून टाकल्या. त्याच रात्री मी तो खण दोनदा उघडला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.