एकाच दिव्यात पोर्ट्रेट: सॉफ्टबॉक्स नेमका कुठे ठेवावा?

स्टुडिओत पोर्ट्रेट काढण्यासाठी एक फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी) आणि पांढऱ्या थर्माकोलची एक शीट पुरेशी असते. सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांत, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवावा आणि मॉडेलिंग दिवा (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) चालू करून नाकाची सावली पाहत सॉफ्टबॉक्स हळूहळू सरकवावा. ही सावली गालावरच्या सावलीला मिळून पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरला, की ती डच चित्रकार रेम्ब्रांटच्या पद्धतीची प्रकाशयोजना झाली.

खरी किमया अंतरात आहे. दिवा जवळ आणला की चेहऱ्याच्या मानाने तो मोठा होतो आणि सावल्यांच्या कडा मऊ पडतात. उलट, तो एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर चेहऱ्यावरचा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो, म्हणजे दोन स्टॉपने कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि सावल्याही कडक होतात. म्हणून सॉफ्टबॉक्स चौकटीत येणार नाही इतपत जवळ ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. थर्माकोल सावलीच्या बाजूला धरून तो पुढे-मागे केला, की सावली हवी तेवढी उजळते. कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद आणि भिंगाचे छिद्र एफ/८ यांपासून सुरुवात करावी.

चष्म्यावर चकाकी आली, तर दिवा आणखी वर न्यावा आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून बसवाव्यात. भिंगे खाली झुकतात आणि डोळे स्वच्छ दिसतात.