टॅरोचे एक पान आणि वहीची दोन पाने : आत्मचिंतनासाठी पत्ते कसे वापरावेत

टॅरोचे पत्ते भविष्य सांगण्यासाठीच जन्माला आले, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांसारखे खेळण्यासाठीच रंगवले जात. त्यांवरून भाकिते करण्याची प्रथा रुजली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. त्यामुळे पत्त्यांना पुढचे कळते का, हा वाद बाजूला ठेवूनही त्यांचा उपयोग करता येतो. "मला नेमके काय होते आहे?" या प्रश्नापुढे अडलेली लेखणी समोरच्या चित्राबद्दल लिहायला लागली, की बहुधा आपसूक स्वतःकडे वळते.

पहिली पायरी कॅट निवडण्याची. नवशिक्याने 1909 साली लंडनमध्ये निघालेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला रायडर-वेट कॅट घ्यावा. टॅरोच्या 78 पानांपैकी 22 मेजर अर्काना, म्हणजे 'डेथ'सारखी स्वतंत्र नावाची पाने, आणि 56 मायनर अर्काना, म्हणजे नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांत विभागलेली पाने असतात. जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीच्या कॅटात मायनरच्या आकड्यांच्या पानांवर नुसते पेले किंवा तलवारी मांडलेल्या दिसतात, तर स्मिथ यांच्या कॅटात तिथेही बहुतेक ठिकाणी माणसे आणि प्रसंग आहेत. आपल्याला हवे आहेत ते प्रसंगच. अर्थ पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये.

पत्ते पिसण्याआधी प्रश्न वहीत लिहावा, आणि तो "होईल का?" असा नसावा. "ही नोकरी मिळेल का?" याचे उत्तर पत्ते देणार नाहीत, "मुलाखतीच्या नुसत्या विचाराने माझ्या पोटात गोळा का येतो?" याचे उत्तर मात्र आपल्याचपाशी असते. प्रश्न स्वतःविषयीच असावा. सासूच्या किंवा साहेबांच्या मनात काय आहे, हे पत्त्यांना विचारणे म्हणजे आपल्या संशयाला चित्राचा पुरावा जोडणे होय.

मग पत्ते पिसून एकच पान काढावे. दहा पानांची मांडणी दिसायला भारदस्त असते, पण तिच्यात मन गुंतण्याऐवजी गुंता वाढतो. पान उलटे आले तर सरळ करून ठेवावे.

आता कॅटाबरोबर मिळणारी अर्थांची पुस्तिका न उघडता दोन-तीन मिनिटे नुसते पाहावे. समजा, 'फाइव्ह ऑफ कप्स' आले. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे, त्याच्यापुढे तीन पेले कलंडले आहेत आणि पाठीमागे दोन उभे आहेत. पलीकडे नदी, तिच्यावर पूल आणि वाड्यासारखी एक वास्तू आहे. आधी जे दिसते तेवढेच लिहावे, त्यानंतर स्वतःला विचारावे: माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली? हा माणूस मी असेन, तर काय सांडले आहे? मागच्या दोन पेल्यांची आठवण कोणी करून दिली, तर मला बरे वाटेल की राग येईल? राग आला तर तोच लिहावा. दुःखात असलेल्या माणसाला लगेच उरलेले मोजायला लावणे मला तरी निर्दयपणाचे वाटते.

सलग दहा मिनिटे, खाडाखोड न करता लिहून झाल्यावर हवी तर पुस्तिका पाहावी. तिथला अर्थ पटला नाही, तर आपला ठेवावा.

पान आवडले नाही म्हणून पुन्हा पिसण्याचा मोह टाळावा, कारण तिथे चिंतन संपून कौल लावणे सुरू होते. 'डेथ'चे पान पाहून धसका घेण्याचेही कारण नाही. त्याच चित्रात दूरवर दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. मात्र झोप उडाली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर पत्ते बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

प्रत्येक नोंदीवर तारीख आणि पानाचे नाव घालावे. काही महिन्यांनी तेच पान पुन्हा आले, तर आधी नव्याने लिहावे आणि मगच जुनी नोंद काढून वाचावी. 'फाइव्ह ऑफ कप्स'वरच्या माझ्या पहिल्या दोन नोंदींत पुलाचा उल्लेखच नाही.