टर्बोच्या ॲक्च्युएटरचा रॉड आवळताय? आधी या चुका टाळा

भाऊ, गाडी ओढत नाही, पिकअप गेला, की आपल्या इकडं पयला पाना टर्बोच्या (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) ॲक्च्युएटरवरच (रॉड सरकवून टर्बोचा जोर आवरणारी डबी) जाते. मीबी तेच केलं होतं. सोयाबीन काढणीचे दिवस होते, दारव्हा रोडवर गाडी आधी जोरात उचलायची आन मंग एकदम मेल्यासारखी व्हायची, चावी बंद-चालू केली की परत ठीक. मला वाटलं टर्बो कमी हवा देऊन राहिला, म्हणून रॉडचे दोन आटे आवळले, तर अजूनच बेकार. शेवटी स्कॅनर लावला तर कोड निघाला पी ०२३४, म्हणजे बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब) कमी नाही, जास्तीचा! गोठ्याजवळ गाडी उभी राहते, तिथं उंदरानं ॲक्च्युएटरचा बारका पाईप कुरतडला होता. त्या पाईपातून हवेचा दाब गेला तरच रॉड बाहेर सरकते आन वेस्टगेटची (जास्तीचा धूर टर्बोच्या बाजूनं सोडून देणारी) झडप उघडते, दाब पोचलाच नाही तर झडप बंदच राहते, बूस्ट वाढतच जाते आन कॉम्प्युटर गाडीची ताकद कापून टाकते. आन मी रॉड आखूड करून बूस्ट अजून वाढवून बसलो. इंजिन वाचलं हेच खूप.

म्हणून कोड पयले पाहा. पी ०२९९ आला तर बूस्ट कमी आहे, तेव्हाबी एअर फिल्टर (कापसाच्या नाहीतर काढणीच्या धुळीनं लवकर भरते) आन इंटरकुलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होजचे क्लिप आधी तपासा, होज फाटला असला तर तिथं तेलकट डाग दिसते.

दुसरं, आपली गाडी कोणती ते ओळखा. मारुतीच्या १.३ डिझेलमध्ये ७५ एचपीवाल्याला साधा वेस्टगेट टर्बो, ९० एचपीवाल्याला व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो). व्हीजीटीत पाती फिरतात, त्याची सेटिंग कंपनीत मशीनवर होते, त्याच्या स्टॉप स्क्रूला हातच लावू नका.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा थेट देऊन रॉड हलते का बघणारे लय आहेत. टाकीत ७-८ बार असते आन ॲक्च्युएटरला काम साधारण १ बारच्या आतबाहेरचं, डायाफ्राम (ॲक्च्युएटरच्या आतला पडदा) फाटून जाईल ना! घड्याळवाला हातपंप घ्या, हळूहळू दाब द्या, काटा खाली आला तर डायाफ्राम गेलेला, मंग ॲडजस्ट करून काही फायदा नाही, बदलाच.

आन रॉड पिनेतून काढून वेस्टगेटचा लिव्हर हातानं फिरवून पाहा, इंजिन पूर्ण थंड असतानाच. काजळीनं अडकत असेल तर दोष रॉडचा नाहीच.

एवढं करूनबी रॉड फिरवायचाच असेल तर जुन्या जागी पेंटची खूण करा, उघडे आटे मोजून लिहून ठेवा. चेकनट (रॉडची सेटिंग पक्की धरणारा नट) सोडताना रॉड दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर आत डायाफ्राम पिळला जाते. एका वेळी अर्धा आटाच. आखूड केला की बूस्ट वाढते, लांब केला की उतरते. झडप बंद असताना रॉडचं भोक पिनेच्या साधारण १-२ मिलिमीटर मागं राहिलं पाहिजे, थोडं ओढूनच बसवायचं, पण किती दाबावर हलला पाहिजे तो आकडा कंपनीच्या मॅन्युअलचाच धरा. पिनेवरची सर्कलिप (रॉड निसटू न देणारी रिंग) पाहून बसवा, चेकनट आवळा.

ट्रायल मात्र सकाळी घ्या. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत हवाच पातळ असते, गाडी थोडी ढिली वाटणारच, तेवढ्यावरून परत पाना काढू नका.