मोरचुदाचा गाळ पोफळीच्या आळ्यात ओतू नका

पाऊस तोंडावर आला की श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत आगरांमध्ये बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, घाई उडते. उडायलाच हवी. पोफळीची सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाला अडवायचं तर पहिली फवारणी पावसाआधी झालीच पाहिजे, सरी सुरू झाल्यावर पोफळीवर चढायला माणूस मिळत नाही. घोटाळा होतो तो फवारणी संपल्यावर. पिंपाच्या तळाचा निळा गाळ आणि पंप धुतलेलं पाणी जवळच्या आळ्यात ओतून सगळे जेवायला जातात. पिंप दरवर्षी विहिरीजवळच ठेवलेलं असतं, म्हणून आळंही दरवर्षी तेच.

हिशेब करून बघा. 100 लिटर बोर्डोत 1 किलो मोरचूद, म्हणजे साधारण 250 ग्रॅम तांबं. तळाचं 10 लिटर ओतलं की 25 ग्रॅम गेलं, गाळ दाट असेल तर जास्तच. एक चौरस मीटर आळ्यातली वरची चार बोटं माती साधारण 120 किलो भरते. म्हणजे एका ओतण्यात किलोमागे 200 मिलिग्रॅम तांबं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत 100 च्या आसपासच गांडुळांचं अंडी घालणं घटू लागतं.

"आपल्याकडच्या पावसात वाहून जाईल" असं म्हणणारे भेटतात. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, आणि बरंचसं वाहूनही जात नाही. वरच्या थरातल्या कुजक्या पाल्याला ते चिकटून बसतं, आणि गांडुळं राहतात नेमकी तिथेच. त्यात आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात तांबं जिवांना जास्त बाधतं.

गांडूळ गेलं हे दिसतं कुठे? पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या पाल्यात. इंग्लंडमधल्या सफरचंदाच्या बागांत वर्षानुवर्षं तांब्याच्या फवारण्या झाल्या, तेव्हा गांडुळं नाहीशी झाली आणि न कुजलेल्या पानांचा जाड थर जमिनीवर साचत गेला. तुमच्या आगरात एखाद्याच पोफळीखाली गेल्या वर्षीचा पातेरा तसाच खडखडीत असेल, तर तिथे काय ओतलं होतं ते आठवा. पहिले दोन चांगले पाऊस झाले की तिथे आणि लांबच्या झाडाखाली फूटभर चौकोन खणून काडू (गांडुळं) मोजा. पहिल्या जागी निम्मेही नसतील तर माझा संशय तांब्यावर. हा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे.

मिश्रण करताना: मोरचूद 1 किलो 50 लिटरमध्ये, चुना 1 किलो 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत राहा. लखलखीत विळा मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी वाढवा. मोकळं तांबं उरलं की फळही भाजतं आणि मातीही. संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच करा. उरलंच तर पाणी घालून चार-पाच झाडांच्या घोसांवर वाटून मारा. गाळताना फडक्यात उरलेला चोथा चुन्यात कालवून विहीर, पाट आणि ओढ्यापासून लांब पुरा.

शाकारलेल्या होड्यांची रंगाची खरवड आणि जुन्या फळ्यांची राख माडाच्या बुंध्यात टाकतात, तेही बंद करा. होडीच्या बुडाच्या रंगात बहुधा तांबं असतं, जुन्या रंगांत शिसंही सापडतं.

गांडूळखताच्या टाकीत नुकत्याच फवारलेल्या झाडाचे झाप आणि पोया (घोसाची वेष्टनं) घालू नका. तांबं जास्त झालं की गांडूळ मरतं, पण कॅडमियम हा दुसरा विषारी धातू ते अंगात साठवतं, मातीत असतं त्याहून जास्त. पातेऱ्यातल्या गोगलगायींचंही असंच. मग आवारातल्या गावठी कोंबड्या तेच टिपतात. शहरातलं स्वस्त खत गोणीने आणत असाल तर तपासणीचा कागद मागा. गांडूळखतात खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. कागद नसेल तर गोणी परत.

दुकानदार यावर दोन उपाय गळ्यात मारेल: गांडुळांचं कल्चर आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी. विषारी आळ्यात नवी गांडुळं सोडणं म्हणजे पैसे पुरणं. आणि पुडी उलटून वाचा, तिच्यात बहुतेक वेळा तांबंच असतं.

बाकीची कामं:
चर उपसणे.
आंब्याची उरलेली फळं उतरवणे.
भाताच्या रोपवाटिकेची जागा उंचावर.
माडाचे सुके झाप काढणे.
बोर्डोची दुसरी फवारणी 40 ते 45 दिवसांनी, उघडीप बघून.

माती परीक्षणाला देताना पिंप ठेवता त्या जागेचा नमुना वेगळ्या पिशवीत द्या, बाकी आगराच्या मातीत मिसळू नका. चिठ्ठीवर सामू (मातीचा आम्लपणा, pH) आणि तांबं हे दोन शब्द ठळक लिहा. मातीत चुना किती घालायचा ते सामूचा आकडा आल्यावर ठरवा.