फूल की दोन पानं: जनमत कौलाच्या आठवणी कशा टिपाव्यात

१६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर गोव्यात मतदान झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, म्हणजे त्या दिवशी मत दिलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढची आहेत. आधी त्यांच्याकडे जा. तेव्हा घोषणा देत फिरलेली पोरं नंतर गाठता येतील.

आणि फुलावर मत दिलेल्यांना मुद्दाम शोधा. मी फोंड्याची, म्हणून हे कळकळीनं सांगते. १६ जानेवारी आता अस्मिताय दीस (अस्मिता दिन) म्हणून साजरा होतो, त्यामुळे दोन पानंवाले मोकळेपणी बोलतात. फूलवाले ‘जाऊ दे गो, झालं ते झालं’ म्हणत विषय बदलतात. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं पडली, बाजूनं १,३८,१७०. एवढ्या माणसांचं म्हणणं संग्रहात नसेल तर तो संग्रह कसला?

‘मत कुणाला दिलंत?’ असं विचारूच नका. मत गुप्त होतं, सांगायचं तर ती सांगतील. त्याऐवजी विचारा, घरात पेपर कुठला यायचा? ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, ‘राष्ट्रमत’ विरोधातला, आणि दोन्ही मराठी. एका आजींना मतदानाचं काहीच आठवत नव्हतं. पेपरचं विचारल्यावर म्हणाल्या, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) सोप्यावर ‘राष्ट्रमत’, आमच्याकडे ‘गोमन्तक’, तोही शेजारून मागून आणलेला. वडिलांना वाचता येत नव्हतं, मोठा भाऊ दिव्याखाली वाचून दाखवायचा. तिथून कुळं, भाटकार, गावातली नवी मराठी शाळा, सगळं आपोआप निघालं.

बोलणं एकांतात व्हावं. नातवंडं शेजारी बसली की आजोबांची वाक्यं पुरी करतात. कोकणीत बोलणाऱ्याला कोकणीतच बोलू द्या, आणि उतरवतानाही त्याचं मराठी करू नका. मोबाइल एअरप्लेन मोडवर, पंखा बंद. मतमोजणी तीन दिवस चालली, निकाल १९ तारखेला लागला. कुणी ‘दुसऱ्याच दिवशी’ म्हणालं तर मध्येच टोकू नका. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुने अंक बघा आणि खरी तारीख वेगळ्या टिपणात लिहा.

मुंबईतल्या गोवेकरांनाही विसरू नका. गोव्याबाहेर राहणाऱ्यांना मतच नव्हतं. धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांमध्ये, त्या दिवसांत राहिलेलं कुणी भेटलं तर तेही याच संग्रहात हवं.

संमती लेखी घ्या: नाव द्यायचं की झाकायचं, आत्ता खुलं करायचं की काही वर्षांनी. ‘अमक्यानं धमकावलं’ असं आलं तर त्या अमक्याचं नाव खुल्या प्रतीत झाका, त्याची मुलं-नातवंडं त्याच वाड्यावर राहतात. रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर त्या घरी द्या. उतरवलेला मजकूर संग्रहात देण्याआधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ‘हे काढ’ म्हणतील ते कारण न विचारता काढा.