जुने कॉम्प्युटर गेम जपायच्या कामात यायचंय? आधी फ्लॉपीच्या खिडकीकडे बघा

मी मूळचा सांगलीचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि गेली चार वर्षं शनिवार रविवार जुने कॉम्प्युटर गेम जपायच्या कामात घालतोय. पैसे मिळत नाहीत. बरेच जण विचारतात की यात शिरायचं कसं, कोडिंग यायलाच पाहिजे का, तर एकदा सगळं लिहूनच काढतो.

सुरुवात रत्नागिरीला मामाच्या माळ्यावर झाली. मामाचा नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास होता, तो बंद झाला तेव्हा सगळं सामान खोक्यात भरून वर टाकलेलं, आणि त्यात निघाल्या ४३ फ्लॉप्या, म्हणजे पेन ड्राइव्हच्या आधी फाइली ठेवायला वापरायचे त्या चपट्या चुंबकीय डिस्क. काही मोठ्या सव्वापाच इंची, बाकी साडेतीन इंची. त्यांवर पेनाने लिहिलेलं, डेव्ह, प्रिन्स, आणि एकीवर नुसतं "पाढे". शाळेत लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसून आम्ही हेच डेव्ह आणि प्रिन्स खेळायचो, त्यामुळे माझा जीव तिथेच अडकला. पण कोकणातले इतके पावसाळे काढलेल्या फ्लॉप्या त्या, बुरशी धरली होती.

लोक म्हणतात सगळे जुने गेम नेटवर असतातच की. नसतात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, त्यात दिसलं की अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. आणि मोठ्या नावांचं पण काही खरं नसतं. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा, सगळ्या जगाने खेळलेला, पण ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरचा त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या ओळी, कितीतरी वर्षं बेपत्ता होता. २०१२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉप्या सापडल्या, मग इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाचे जेसन स्कॉट आणि ॲपल टू चे जाणकार टोनी डियाझ यांनी बसून त्या वाचल्या, आणि आज तो कोड कुणालाही बघता येतो. ते खोकं भंगारात गेलं असतं तर विषय संपला होता.

आता मी केलेली चूक सांगतो, कारण नवीन माणसाकडून हीच चूक होते. मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते, ती चिकटपट्टीने बंद केली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. छोट्या फ्लॉपीचं बरोब्बर उलटं, तिथे कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी असली की ती सुरक्षित, बंद असली की लिहिता येतं. मी मोठ्या फ्लॉप्या आधी हाताळल्या होत्या म्हणून "बंद म्हणजे सेफ" असं डोक्यात बसलेलं. "पाढे" लिहिलेली छोटी फ्लॉपी घेतली, खिडकी नीट बंद केली आणि विंडोज ९८ च्या जुन्या मशीनमध्ये घालून आत काय आहे एवढंच बघितलं. एक फाइल पण सेव्ह केली नाही. पण विंडोजची ती आवृत्ती फ्लॉपी ओळखू यावी म्हणून बूट सेक्टरमध्ये, म्हणजे फ्लॉपीच्या अगदी पहिल्या तुकड्यात, स्वतःचे काही बाइट लिहिते, हे मला माहीतच नव्हतं. नंतर हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणारा प्रोग्राम) बघितलं तर सुरुवातीलाच आय, एच, सी ही अक्षरं. त्या जागी आधी काय होतं ते आता कधीच कळणार नाही. त्या लिहिण्याने गेमला काही झालं नाही, पण मामाने ठेवली तशी ती फ्लॉपी राहिली नाही, आणि हे मी तिच्या नोंदीत स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी फोटो, मग लेबलवरचं जसंच्या तसं उतरवणं, मग खिडकी नाहीतर खाच, आणि मगच ड्राइव्ह.

वाचायचं कसं? यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पण तो फक्त छोट्या आणि साध्या फॉरमॅटच्या फ्लॉप्या वाचतो. आम्ही ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड वापरतो. त्याला जुना खराखुरा ड्राइव्ह ३४ पिनच्या पट्टीने जोडायचा, मोठ्या ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात म्हणून वेगळा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आणि दुसरीकडे यूएसबीने लॅपटॉप. हे बोर्ड फाइली वाचत बसत नाही, ड्राइव्हच्या हेडखालून, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखालून, चुंबकीय सिग्नल जातो तोच टिपतं, त्यामुळे कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली फ्लॉपी पण हाती लागते. ड्राइव्ह मी जुन्या बाजारातून आणला, दोन बिघडलेले निघाले, तिसरा चालला.

बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका, प्लीज. ती बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. छोट्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवायचं, मधलं चाक बोटाने हळूहळू फिरवत कापसाच्या काडीने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, दोन्ही बाजू, अजिबात दाब न देता, मग पूर्ण सुकू द्यायचं. एका फ्लॉपीला मला अर्धा तास लागतो. ड्राइव्हच्या आवाजाकडे कान ठेवा, एकसारखी घरघर चालली असेल तर ठीक, किरकिर आली की तिथेच थांबून फ्लॉपी बाहेर काढून हेड पुसायचं. नेहमीच्या १.४४ एमबीच्या छोट्या फ्लॉपीवर एका बाजूला ८० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येकात १८ सेक्टर (तुकडे), एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, आणि स्क्रीनवर कुठला सेक्टर आला कुठला नाही ते दिसत राहतं. वाचून झालं की लगेच हॅश (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला तिचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढायचा आणि परत वाचून जुळतो का बघायचं.

हे सगळं सामान नसेल तरी काम भरपूर आहे. स्कमव्हीएम हा प्रोग्राम बघा, २००१ पासून चालू असलेला. गेमच्या मूळ डेटा फाइली तुमच्याकडे असल्या की जुने ॲडव्हेंचर गेम त्यावर आजच्या मशीनवर चालतात. नवीन आवृत्ती यायच्या आधी त्यांना गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बग कळवणारी माणसं लागतात. बिनीथ अ स्टील स्काय हा १९९४ चा गेम २००३ पासून अधिकृतपणे फुकट आहे, त्यावर सुरुवात करा. बग लिहिताना "गेम अडकतो" असं लिहून उपयोग नाही, कुठल्या खोलीत, खिशात काय असताना, कशावर क्लिक केल्यावर, आणि सोबत सेव्ह फाइल. विद्यार्थी असाल तर २००७ पासून ही टीम गूगल समर ऑफ कोड या गूगलच्या कोडिंग उपक्रमात बऱ्याचदा असते, तिथे मानधन पण मिळतं. दुसरं म्हणजे फ्लॅशपॉइंट हा प्रकल्प. ब्राउझरमधले गेम ज्यावर चालायचे ते फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, त्याच्या आधीपासून ही मंडळी वेबवरचे गेम गोळा करतायत. तिथे गेमचं नाव, कोणी बनवला, कधी आला हे शोधून भरावं लागतं, कोडिंगची एक ओळ लागत नाही, पण चिकाटी लागते.

कायद्याचं पण नीट समजून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा, कलम ५२ खाली कायदेशीर प्रत असलेल्या माणसाला बॅकअप घेता येतो. नेटवर वाटायची परवानगी त्यात नाही. आणि मामाकडच्या बहुतेक फ्लॉप्या तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याने कॉपी केलेल्या. त्या मी कुठेही टाकल्या नाहीत, फक्त लेबलांचे फोटो आणि हॅश नोंदवले.

"पाढे" मात्र मामाचंच निघालं. क्लासच्या पोरांसाठी त्याने जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला गेम, पाढा विचारतो, चुकलं की रोमन अक्षरात "परत सांग" असं येतं. जगात ही एकच प्रत. सेव्ह करताना कमांडच्या शेवटी कॉमा आणि ए (,A) लावलं होतं म्हणून फाइल साध्या टेक्स्टमध्ये होती, उघडली की वाचता येत होती, पण मधला एक सेक्टर काही केल्या आला नाही. सात वेळा साफ केली, ड्राइव्ह बदलला, नाहीच. ४१० ते ५२० या ओळी गेल्या.

गणपतीत रत्नागिरीला गेलो तेव्हा लॅपटॉप मामासमोर ठेवला. तो बराच वेळ वर-खाली करत वाचत बसला, मग म्हणाला, "अरे इथे मी मार्क मोजत होतो," आणि वहीत बारा ओळी लिहून दिल्या. त्या घालून गेम चालला. मामीने सतराचा पाढा घेतला. आता संग्रहात दोन फाइली आहेत, एक फ्लॉपीवरून आली तशी, भोकासकट, आणि दुसरी मामाच्या बारा ओळी घातलेली, तिच्यावर मामाने त्या ओळी आठवून लिहिल्या ती तारीख, आणि वहीच्या पानाचा स्कॅन पण जोडलाय.