रेड बीन्स अँड राइस घरी करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवार म्हणजे रेड बीन्स. घरोघरी मशीन यायच्या आधी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे. घरातली बाई दिवसभर साबण, बादल्या आणि दोरीवरच्या कपड्यांत अडकलेली. तेव्हा कुणी जवळ उभं न राहता शिजत राहील असं काहीतरी चुलीवर हवं. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड उरलेलं असे. ते आणि लाल बीन्स (आपल्याकडचा लाल राजमा) एका पातेल्यात चढवायचे, संध्याकाळी भात लावायचा, झालं जेवण. आता कपडे मशीन धुतं, पण सोमवार तसाच राहिला आहे. तिथल्या कितीतरी खानावळींत सोमवारी हेच मिळतं. प्रसिद्ध जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग याच शहरात वाढला, आणि पत्राखाली सही करताना तो 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' असं लिहायचा.

मी त्या शहरात ४ वर्षं राहिले. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. पहिल्यांदा मी हा पदार्थ करून त्यांना डबा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, एक चमचा खाल्ला आणि हात माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “बेबी, छान झालंय. पण हे तुझ्या आईच्या हातचं आहे, इथलं नाही.” मी सवयीने आलं, जिरं, टोमॅटो, गरम मसाला सगळं घातलं होतं. पुढच्या सोमवारी त्यांनी मला स्वतःच्या ओट्याशी उभं केलं. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं तिथे शिकलेलं आहे.

राजमा समजून करायला घेणं

आपल्याकडच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. राजम्याला आपण कांदा-टोमॅटोचा मसाला परततो आणि शिजलेले दाणे त्यात सोडतो. म्हणजे रस्सा वेगळा, दाणे वेगळे. रेड बीन्समध्ये वेगळा रस्सा नसतोच. दाणे फुटून, विरघळून स्वतःच रस्सा होतात. म्हणून टोमॅटो नाही, चिंच-दही नाही, बेसन किंवा कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करणं नाही.

चव येते ती तीन भाज्यांतून: कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि सेलरी. लुइझियानात या तिघांना 'होली ट्रिनिटी' म्हणतात. अर्धा किलो बीन्सला २ मध्यम कांदे, १ ढोबळी मिरची आणि सेलरीच्या २ काड्या, असं साधारण प्रमाण. लाल-पिवळी ढोबळी गोड असते, ती नको. हिरवीचा तो किंचित कडवटपणाच इथे हवा असतो. सेलरी पुण्या-मुंबईत मोठ्या भाजीवाल्याकडे मिळते. नाहीच मिळाली तर कोथिंबिरीचे जाड देठ बारीक चिरून घालते. चव सेलरीची येत नाही, पण हिरवा, ताजा वास येतो. तिच्याऐवजी ओवा मात्र घालू नका, एक चिमूट ओवासुद्धा सगळ्या पातेल्याचा ताबा घेतो.

मसाले मोजकेच: ५-६ लसूण पाकळ्या, १ चमचा सुका थाइम, मिरी, थोडं लाल तिखट, २-३ बे लीफ. बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर लांबीने जाणाऱ्या तीन शिरा दिसतात आणि वास दालचिनीच्या अंगाने जातो. बे लीफला मधोमध एकच शीर असते आणि वास वेगळाच. तमालपत्रच हाताशी असेल तर अर्धं पान पुरे.

दाणे शिजतच नाहीत

याची कारणं चार, आणि बहुतेक वेळा दोन एकदम लागू पडतात.

पहिलं, बीन्स जुने असतात. डब्याच्या तळाशी वर्षभर पडलेला राजमा कितीही भिजवा, कितीही शिट्ट्या करा, आत खडा राहतोच. ज्या दुकानात माल पटापट खपतो तिथून आणा. दाणा चकचकीत आणि सालीला सुरकुती नसलेला हवा. न्यू ऑर्लिन्समध्ये बहुतेकजण कॅमेलिया कंपनीचे लाल किडनी बीन्स वापरतात. ही कंपनी १९२३ पासून तिथलीच आहे. आपल्याकडे गडद लाल राजमा घ्या, चित्रा नको. चित्रा उत्तम लागतो, पण रंग आणि सायीसारखा दाटपणा लाल दाण्याला जास्त चांगला येतो.

दुसरं, पाणी. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडे गावोगावी माहीत आहे, कारण तेच. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतं. अशा पाण्याच्या भागात राहत असाल तर भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. तेही नसेल तर भिजवताना खायचा सोडा अगदी चिमूटभर. जास्त झाला की दाण्याला साबणासारखी चव येते, आणि ती मग कशानेही जात नाही.

तिसरं, आंबट. आम्लाने दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. गोव्याच्या वाचकांनी इथे खास लक्ष द्यावं, कारण हा पदार्थ करताना गोव्याचे चोरीस (तिथलं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालायचा मोह कुणालाही होईल. मलाही होतो, आणि घालावेतच. गोव्याच्या फेजोआदमध्ये ही जोडी आधीच जमलेली आहे. पण चोरीसमध्ये व्हिनेगर असतं. ते सुरुवातीला टाकले तर दोन तासांनी रस्सा तयार आणि दाणे कडक, अशी गत होते. दाणा बोटांत सहज चिरडला जायला लागला की मगच चोरीस घाला.

चौथं कारण मिठाबद्दलचा समज. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. भिजवण्याच्या पाण्याबाबत तर उलटंच आहे: १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा मीठ घालून बीन्स रात्रभर ठेवले, तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते आणि दाणे आतपर्यंत सारखे शिजतात. सकाळी ते पाणी फेकून दाणे धुवायचे. उन्हाळ्यात भिजवलेलं भांडं फ्रिजमध्येच ठेवा. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत फेसाळतं आणि आंबूस वास मारतं.

ही चूक मात्र आजारी पाडते

कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. नीट न शिजलेले ४-५ दाणेसुद्धा पुरतात: १ ते ३ तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. उकळल्यावर ते नष्ट होतं, म्हणून आपल्या कुकरच्या घरांत हा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न येतो तो परदेशात राहणाऱ्यांना, सकाळी स्लो कुकरमध्ये (कमी तापमानावर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) सगळं टाकून ऑफिसला जाणाऱ्यांना. स्लो कुकरचं तापमान बऱ्याचदा उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास नुसते गरम होत राहिलेले दाणे कच्च्यापेक्षाही जास्त विषारी होऊ शकतात. दिसायला मऊ, पण आत विष तसंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला सरळ आहे: किमान ५ तास भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळा. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये टाका. इन्स्टंट पॉटच्या स्लो कुक बटणालाही हाच नियम. प्रेशरवर शिजवत असाल तर काळजी नाही, आणि डब्यातले बीन्स आधीच शिजलेले असतात.

कुकर उघडला की ताटात

कुकर वापरायला माझी ना नाही. पण कुकरमध्ये वाफ कोंडलेली राहते, पाणी आटत नाही, आणि उघडल्यावर दिसतात ते पातळ पाण्यात तरंगणारे अख्खे दाणे. मग वर पीठ लावायची घाई होते.

मी असं करते. भिजवलेले बीन्स बुडून वर दोन बोटं येईल इतक्या पाण्यात, कुकर अर्ध्याहून जास्त न भरता, आधी ३ शिट्ट्या आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं. दरम्यान जाड बुडाच्या किंवा बिडाच्या पातेल्यात सॉसेजच्या (कोणतं ते पुढे सांगते) चकत्या दोन्ही बाजूंनी तांबूस करून बाजूला काढते, आणि सुटलेल्या चरबीत तिन्ही भाज्या परतते. इथे घाई नको. कांदा नुसता पारदर्शक होऊन भागत नाही. १२-१५ मिनिटांनी ढीग निम्म्यावर येतो, कडा सोनेरी होतात आणि तळाला तपकिरी थर धरतो. तो थर चमच्याने खरवडून घ्यायचा, अर्धी चव त्यात आहे. मग लसूण, थाइम, मिरी, आणि त्यावर बीन्स त्यांच्या पाण्यासकट.

आता झाकण काढून, मंद आचेवर, तासभर. अर्ध्या तासाने आजींनी मला जे दाखवलं ते करायचं: लाकडी डावाच्या पाठीने दाणे पातेल्याच्या आतल्या भिंतीवर दाबायचे. साल सरकते, आतला पिठूळ गर भिंतीवर फिक्या गुलाबी रेघेसारखा पसरतो, आणि ढवळलं की पाण्यात मिसळून जातो. साधारण चौथा हिस्सा दाणे असे मोडायचे. सगळे मोडले तर पिठलं होतं, एकही नाही मोडला तर उसळ. बरोबर झालं की डाव तळावर फिरवल्यावर वाट पडते आणि सावकाश भरून येते. मिक्सर लावू नका, त्याने सालीचे कण होतात आणि सगळं खरखरीत लागतं.

मीठ या टप्प्यावर, चव घेऊन. सॉसेजमध्ये आणि भिजवणीत आधीच मीठ गेलेलं असतं. सॉसेज शेवटच्या २० मिनिटांत परत घाला. पहिल्यापासून उकळत ठेवलं तर त्याचा सगळा कस रश्श्यात जातो आणि तोंडात चोथा येतो.

अँडुई हे तिथलं धुरावलेलं सॉसेज. आपल्याकडे स्मोक्ड चिकन सॉसेज चालतं. शाकाहारी करणाऱ्यांची चूक वेगळी असते: मांस काढतात आणि त्याबरोबर चरबी आणि धूर दोन्ही जातात, मग पदार्थ आजाऱ्याच्या जेवणासारखा होतो. ३-४ मोठे चमचे तेल किंवा लोणी सढळ हाताने घाला, आणि शेवटी पेटत्या कोळशाची धुरी द्या. वाटीत कोळसा, त्यावर तुपाचे थेंब, झाकण ५ मिनिटं. लुइझियानात असं कुणी करत नाही, पण जो धूर हवा असतो तो मिळतो.

भात

भात वेगळा, मोकळा, साधा. बीन्समध्ये तांदूळ शिजवू नका, तो दुसरा पदार्थ होतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहर इथे नको, चिकट भातात रस्सा मुरत नाही. कोलम किंवा लांब दाण्याचा कुठलाही तांदूळ घ्या. उरलेला भात बाहेर ठेवू नका, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये.

बिघडलंच तर

बुडाला लागलं: ढवळू नका, खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता, चव घ्या, जळका वास नसेल तरच पुढे जा. उलथन्याचा एक फटका तळाला लागला तर सगळं पातेलं गेलं.

खारट झालं: थोडे बिनमिठाचे शिजलेले दाणे चिरडून घाला, आणि भात अळणी लावा. बटाटा टाकून मीठ शोषलं जात नाही, त्याने फक्त बटाटा खारट होतो.

सगळं बरोबर आहे पण चव सपक लागते: बहुधा आंबटपणाची कसर आहे, आणि आंबट आता घालायला हरकत नाही, दाणे शिजलेत. ताटातच थोडा तिखट सॉस शिंपडा. तिथे टॅबॅस्कोची बाटली टेबलावर असतेच; तो सॉस १८६८ पासून लुइझियानातल्याच एव्हरी बेटावर बनतो. नसेल तर चमचाभर व्हिनेगर आणि बारीक हिरवी मिरची. वरून पातीचा कांदा.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलं की सुरीने कापता येईल इतकं घट्ट झालेलं असतं. घाबरू नका. अर्धी वाटी गरम पाणी, मंद आच, हळूहळू सैल करा. मंगळवारी ते सोमवारपेक्षा चांगलं लागतं. आजी तर मुद्दाम दोन दिवसांचं करायच्या, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा माझ्या दाराशी ठेवून जायच्या.